सोळा मिलिमीटरची ढांग

काल सकाळी मागच्या पायरीवर चार वाण्या होत्या. आज अकरा आहेत. बारावी उंबऱ्याच्या आत आलेली आहे, तिला घरात धरायचं की बाहेर, हे अजून ठरलेलं नाही.

सोयाबीन वीतभर वर आलं, दोन दिवस झड लागली आणि नंतर ऊन न पडता नुसता कोंदटपणा राहिला, की आमच्या भागात वाण्या निघतात. काळपट तांबूस रंग, बोटाएवढी लांबी आणि पोटाखाली पायांची बारीक झालर. हात लावला की गुंडाळून चकती होते, म्हणून काहीजण तिला पैसा म्हणतात. जास्त छेडलं तर ती एक रस सोडते. त्याचा बोटांना तपकिरी डाग पडतो आणि दवाखान्यातल्या औषधासारखा वास येतो. हा वास साबणानं दोन वेळा धुतला तरी जात नाही, तिसऱ्या वेळी जातो. मी करून पाहिलेलं आहे.

ओला पाचोळा, भिंतीला आलेली ओल, पत्र्यावरून एका लयीत पडणारं पाणी आणि त्यात हा वास, एवढं जुळून आलं की मला एकच पावसाळा आठवतो, तीन वर्षांपूर्वीचा. त्यात आज सकाळी प्रतीक्षाचा, म्हणजे माझ्या मुलीचा, पुण्याहून फोन आला.

"पप्पा, ती वही आहे ना अजून?"

"आहे. कपाटात, वरून दुसऱ्या खणात. का?"

"संध्याकाळी सांगते, सरांनी बोलावलंय," असं म्हणून तिनं फोन ठेवला. तेव्हापासून मी दोनदा कपाट उघडून वही जागेवर असल्याची खात्री केली आहे.

मी जमिनी मोजतो. नोकरीच ती आहे. उमापूरपासून लिंबागणेशपर्यंत किती बांधांवर उभा राहिलो असेन याची नोंद माझ्याकडे आहे, पण इथं तिचा संबंध नाही. संबंध एवढाच, की मोजल्याशिवाय मला कुठलीही गोष्ट खरी वाटत नाही. घरी दुधाचं माप, पाण्याची टाकी किती मिनिटांत भरते, पायऱ्यांची उंची, सगळं मला ठाऊक असतं. मंगल, माझी बायको, म्हणते की लग्नात सप्तपदी चालू असताना मी पावलं मोजत होतो. ते खरं आहे. सातच होती.

त्या पावसाळ्यात प्रतीक्षा दोन बॅगा, एक लॅपटॉप, मोबाइल बसवायची तिकाटणी आणि झाकणाला भोकं पाडलेले सात डबे घेऊन घरी आली. पुण्याच्या एका संस्थेत तिचं संशोधन चालू होतं. तिथं सगळं होतं, वाण्या नव्हत्या. आमच्याकडे बाकीचं काही नव्हतं, वाण्या होत्या.

शेजारच्या शेवंतामावशींनी पहिल्याच दिवशी कुंपणावरून चौकशी केली. मावशींचं घर आमच्या घराला लागून आणि सोयाबीन दोन्ही घरांच्या मागे.

"काय शिकती आता पोरगी?"

"वाणी कशी चालते ते शिकतेय," मी म्हणालो.

"पायानं चालती की. त्याला पुण्याला कावून जावं लागतंय?"

खरं सांगायचं तर हीच शंका मलाही होती. मी ती रात्रीच्या जेवणाला, जरा बऱ्या शब्दांत, पुढे ठेवली. प्रतीक्षानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि विचारलं, "पप्पा, तुम्हाला पाय किती?"

"दोन."

"तरी उंबऱ्याला ठेचकाळता. तिला दोनशेच्या आसपास असतात. एक पाय दुसऱ्यात अडकत नाही. दगड आला, काडी आली, तरी नाही."

"मग मेंदू चांगला असेल."

"खसखशीच्या दाण्याएवढासुद्धा नाही."

"मग एवढ्या पायांना हुकूम कोण देतं?"

"कुणीच नाही."

एका खात्यात सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे उत्तर पचायला जड जातं. तिनं समजावून सांगितलं. वाणीच्या अंगाची कडी असतात. प्रत्येक कड्यात मज्जातंतूंच्या गाठी असतात. कड्याची गाठ आपले पाय हलवते, शेजारच्या कड्याचं काय चाललंय ते ऐकते आणि पायाखाली जमीन लागली की नाही तेवढं पाहते. एवढ्यावर सगळी वाणी चालते.

"आणि डोकं?"

"डोकं सांगतं, निघा, थांबा, वळा. पाय कसे उचलायचे, ते त्याला सांगावं लागत नाही."

मंगल स्वयंपाकघरातून म्हणाली, "आपल्या घरासारखंच की."

याला एक पार्श्वभूमी आहे. पूर्वी एकदा मी अकरा दिवस प्रशिक्षणासाठी नागपूरला गेलो होतो. जाताना सतरा सूचनांचा कागद लिहून ठेवला होता: गॅसची टाकी कधी संपेल, मोटर किती वेळ चालवायची, कोणत्या खिडकीची कडी आधी लावायची. परत आलो तेव्हा घर व्यवस्थित चाललेलं होतं आणि कागद लोणच्याच्या बरणीखाली, तेलाचा डाग पडू नये म्हणून घातलेला होता. नऊ नंबरच्या सूचनेपर्यंत तेल पोचलं होतं.

प्रतीक्षानं लॅपटॉपवर एक खोटी वाणी तयार केली होती. रंगीत मण्यांची माळ असावी तशी, खाली पायांच्या रेघा. प्रत्येक मण्यात गणितानं बनवलेली एक गाठ. सपाट जमिनीवर ती सुरेख चालायची. शेपटीकडून डोक्याकडे पायांची लाट यायची, तिच्या मागून दुसरी, तिसरी. वाऱ्यानं ज्वारीचं रान हलतं तसं. पण वाटेत चिमूटभर उंचवटा ठेवला, की पंगतीत वाढपी एकमेकांवर आदळावेत तसे पाय पायांत जायचे आणि माळेचा गुंता व्हायचा.

"खडबडीत जमिनीवर खरी वाणी काय करते, ते आधी नीट टिपायचंय," ती म्हणाली. "आषाढी झाली की चौथ्या दिवशी संस्थेच्या समितीसमोर उभं राहायचं. तोवर नाही जमलं तर विषय बदला, असं सरांनी सांगितलंय. उंदरांचं कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं काम आहे, ते मला देणार आहेत."

एवढं बोलून तिनं समोरच्या डब्यातली वाणी तळहातावर घेतली. सहा वर्षांची असताना तिनं कंपासपेटीत वाणी शाळेत नेली होती आणि मी तिला रागावलो होतो. तेव्हाही ती अशीच, श्वास धरून, तळहाताकडे पाहत होती. उंदरांकडे ती अशी पाहील, असं मला वाटेना.

"जमीन मी करून देतो," मी म्हणालो.

आता जमीन खडबडीत करायची म्हणजे कुणी काय करेल? माती पसरेल, दोन खडे टाकेल. मी प्लायवुडची फूटभर पट्टी आणली. आगपेटीच्या काड्या घेतल्या, गुल कापून टाकले, वाकड्या बाजूला काढल्या आणि पट्टीवर बरोबर आठ-आठ मिलिमीटरवर एकेक काडी आडवी चिकटवली. दोन संध्याकाळी लागल्या. इतका नीटनेटका खडबडीतपणा जिल्ह्यात दुसरीकडे सापडला नसता. प्रतीक्षासुद्धा खूश झाली. अंतर ठरलेलं असल्यानं गणितात घालायला सोपं, असं म्हणाली.

मग एक वही आखली. अनुक्रमांक, वेळ, वाणीची लांबी, एका वेळी अंगावर दिसणाऱ्या लाटा, दोन लाटांमधलं अंतर आणि शेवटी शेरा. प्रतीक्षा मोबाइलवर संथ गतीत चित्रण करायची आणि मी पडद्यावर पट्टी धरून मापं घ्यायचो. बाहेर पाऊस, आत आम्ही दोघं पालथे पडलेलो, मधून मंगल आम्हाला ओलांडून जायची. ओलांडताना बांगड्या जरा जास्त वाजायच्या.

वाण्यांचा पुरवठा मावशींच्या रानातून. त्या दर सकाळी सोयाबीनच्या तासांतून घमेलंभर वाण्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. कोवळी रोपं बुडाशी कुरतडून जातात म्हणून त्या वैतागल्या होत्या. मी चाळीस मागितल्या. "न्या की! लई हायत. समद्या न्या," त्या म्हणाल्या.

काम झाल्यावर मी अडतीस परत नेऊन रानाच्या कडेला सोडल्या आणि दोन हरवल्याबद्दल दिलगिरी कळवायला त्यांच्या दारात गेलो.

मावशी चुलीपुढून उठून बाहेर आल्या. "परत आणल्या? कावून?"

"तुमच्या होत्या म्हणून."

"मी काय बारशाला दिलत्या व्हय? वेचून वेचून कंबर गेली माजी!" मग घराकडे वळून, ऐकायला कुणी नसताना, म्हणाल्या, "आन् ह्ये सरकारी माणूस हाय!"

नवव्या दिवशी प्रतीक्षानं एकशे बारा नोंदी गणितात घातल्या. पडद्यावरची वाणी काड्यांच्या पट्टीवरून सरसर निघून गेली. एकही पाय अडकला नाही. तिनं त्यासाठी एक नवा भाग जोडला होता: सगळ्या गाठींना एकदम ऐकू जाईल असा एकच ठोका. कवायतीत शिट्टी असते तसा. मला ते फार आवडलं. शेवटी हुकूम देणारं कुणीतरी निघालंच, असं मी मंगलला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो. प्रतीक्षानं सरांना कळवून टाकलं की जमलं. मंगलनं शिरा केला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी चहा घेत मी वही चाळत बसलो होतो. काम संपल्यावर बेरजा तपासायची माझी सवय आहे. लाटांमधल्या अंतराचा रकाना वरून खाली वाचत गेलो. सोळा. सोळा. सोळा. सोळा. मध्ये एक साडेपंधरा, पुन्हा सोळा.

चहा निवत गेला.

मोजणीत मी एक गोष्ट फार लवकर शिकलो. खरी जमीन कधी दोनदा सारखी भरत नाही. साखळी ताणली जाते, माणूस वाकतो, ढेकूळ आडवं येतं. थोडा फरक पडतोच. आकडे अगदी काटेकोर जुळले, की समजावं, कुणीतरी लिंबाखाली बसून ते लिहिलेले आहेत. इथं लिंबाखाली कुणी बसलं नव्हतं. मीच पट्टी धरली होती, मीच लिहिलं होतं. मग मी शेजारचा रकाना पाहिला, लांबीचा. कुठे चार सेंटिमीटरची लहान वाणी, कुठे सहा सेंटिमीटरची मोठी. आणि लाट दोघींची सोळा.

लहानपणी आम्ही परळीला मामाकडे जायचो, तेव्हा रुळांतून चालायचो. मामा सहा फुटी, मी एवढासा, पण दोघांची ढांग सारखी पडायची, कारण पाय टाकायचा तो रुळाखालच्या फळीवरच. त्या ढांगेवरून आमच्या पायांबद्दल काय कळलं असतं? काही नाही. फळ्या टाकणाऱ्याबद्दल कळलं असतं.

काड्या मी आठावर चिकटवल्या होत्या. आठ दुणे सोळा.

मी वही मिटली. हे फक्त मला कळलेलं होतं. समितीला आता नऊ दिवस राहिले होते. सरांना कळवून झालं होतं. प्रतीक्षा ओसरीवर आईपुढे बसून डोक्याला तेल लावून घेत होती आणि गुणगुणत होती. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. मी गप्प राहिलो असतो तर कदाचित निभावलंही असतं. समितीतल्या कुणी आगपेटीच्या काड्या मोजल्या असत्या असं मला वाटत नाही. मी उठलो, टाकीत पाणी किती आहे ते पाहून आलो, त्याची काही गरज नव्हती, आणि मग ओसरीवर जाऊन वही तिच्यापुढे उघडी ठेवली.

"प्रतीक्षा, हे सोळा वाणीचे नाहीत. माझे आहेत."

तिनं रकाना वाचला. मग दुसरा. मंगलचा हात तिच्या केसांतच थांबला. तेलाचा ओघळ कानामागून खाली येत होता, तो पुसायचंही कुणाला सुचलं नाही.

"म्हणजे तो ठोका..." ती म्हणाली.

"काड्यांचा आहे."

"एकशे बारा नोंदी, पप्पा."

"एकशे बारा."

ती उठून मागच्या दारी जाऊन उभी राहिली. पाठमोरी. अर्धे केस मोकळे, अर्धे वेणीत. मंगलनं तेलाची वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"अहो, वाकडंतिकडं करायचं म्हटलं तरी तुम्ही पट्टीच घेतली?"

मी आत गेलो, लाल पेन घेतला आणि नोंदी रद्द करायला बसलो. आमच्या कार्यालयात रद्द करायची एक पद्धत आहे. खाडाखोड करायची नाही, गिरगटायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. मी एकशे बारा रेघा मारल्या आणि एकशे बारा सह्या केल्या. साठाव्या सहीच्या सुमाराला मावशी आल्या. परत सोडलेल्या वाण्यांतल्या काही त्यांच्या चुलीपर्यंत पोचल्या होत्या, त्याबद्दल बोलायला.

घरातली शांतता पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "काय झालं गं बाई? पोरगी कावून रुसली?"

मंगलनं दोन वाक्यांत सांगितलं: जमीन खडबडीत पाहिजे होती, ह्यांनी आखून केली.

मावशी प्रतीक्षाकडे वळून म्हणाल्या, "माज्या गवऱ्या हायत की पत्र्याखाली. तितं रोज चढत्यात ह्या भवान्या. एक गवरी दुसरीवानी न्हाई, हाताच्या हायत."

मी पेन खाली ठेवला. "उंचसखलपणा साधारण किती असेल?"

"बोटाचा!" मावशींनी पाच बोटं माझ्या तोंडासमोर धरली. "पट्टी आनली तर गवरी मिळायची न्हाई, आधीच सांगते."

प्रतीक्षा दारातून वळली. डोळे लाल होते, पण तिला हसू आवरेना.

पुढचे पाच दिवस आमच्या ओसरीवर गोवऱ्या मांडलेल्या होत्या. मी रजा टाकली. कारणाच्या जागी 'घरगुती' लिहिलं. गोवऱ्यांना वाळलेल्या गवताचा, धुराचा वास होता. प्रत्येकीवर मावशींच्या बोटांचे पाच पन्हळ, कुठे काडी वर आलेली, कुठे भेग. त्यावर वाणी सोडली की ती मिशा हलवत थांबायची, मग निघायची. आणि आता लाटांचं खरं वागणं दिसायला लागलं. बोटाच्या खळग्याशी आली की लाट जरा थबकायची. तिथले चार-सहा पाय हवेत चाचपडायचे. त्यांच्या मागचे जरा दम धरायचे, पुढचे चालतच राहायचे. मग चाचपडणाऱ्यांना जमीन लागायची आणि मोडलेली लाट पुन्हा जुळून पुढे सरकायची. डोकं तोवर भेगेपलीकडे पोचून दुसरंच काही तरी हुंगत असायचं. मागे एवढं काय घडलं, त्याला पत्ताही नसावा.

मोजमापं मी घेत होतो, पण पट्टी फक्त मोबाइलच्या पडद्यावर धरायची, गोवरीपासून दूर राहायचं, अशी अट होती. अकरा, चौदा, साडेनऊ, तेरा. दोन आकडे सारखे येत नव्हते. इतके विस्कळीत आकडे पाहून मला आयुष्यात प्रथमच बरं वाटलं.

प्रतीक्षानं पहिल्या दिवशीच सरांना फोन करून झालेलं सगळं सांगितलं होतं. सर काय म्हणाले ते तिनं मला सांगितलं नाही. गणितातला तो एकच ठोका तिनं काढून टाकला. त्याऐवजी प्रत्येक गाठीला शेजारणीचं आणि पायाखालच्या जमिनीचं जरा जास्त ऐकायला लावलं. समितीच्या आदल्या दिवशी दुपारी, बॅग भरून तयार असताना, तिनं पडद्यावर गोवरीसारखी जमीन काढली आणि खोटी वाणी सोडली. मंगल हातातलं निवडणं घेऊन आली होती, मावशीही होत्या. पहिल्या खळग्यात पाय चाचपडले. लाट मोडली. आम्ही चौघंही थोडे पुढे झुकलो. मग लाट जुळली. दुसरा खळगा. तिसऱ्याला ती एका अंगाला कलली आणि मला वाटलं, गेली. पण मागच्या पायांनी सावरून घेतलं.

"चालली बया!" मावशी ओरडल्या, आणि लगेच म्हणाल्या, "आता हिला माज्या रानात सोडू नका."

विषय तिच्याकडेच राहिला. समितीतल्या एकानं गोवरीचा फोटो पाहून विचारलं म्हणे, की हा पृष्ठभाग प्रमाणित आहे का. तिनं सांगितलं, हो, शेवंतामावशींच्या उजव्या हाताचा. मावशींना हे कळवलं तेव्हा त्यांनी साहजिक आहे असा चेहरा केला.

त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत पावसानं ओढ दिली, वाण्या फारशा निघाल्या नाहीत. यंदा निघाल्या आहेत. मावशींचं घमेलं रोज भरतंय. मी पायरीवर बसलो की मंगल केरसुणी आणून माझ्या शेजारी ठेवते. मी ती उचलत नाही. थोड्या वेळानं पायरी झाडलेली असते. कुणी, केव्हा, ते मला कळत नाही. घर चाललेलं असतं.

सव्वासहाला फोन आला.

"पप्पा, वहीची पानं पाहिजेत. फोटो काढून पाठवा."

"गोवऱ्यांची तर तुझ्याकडे आहेत."

"गोवऱ्यांची नाही. काड्यांची. रद्द केलेली."

"ती चुकीची आहेत, बाळा."

"चुकीची नाहीत. आपण त्यांना विचारलं ते चुकीचं होतं. बाहेरून एकच ठोका लावला की सगळ्या गाठी कशा मुकाट एका तालात चालतात, ते त्यात दिसतंय. गोवऱ्यांच्या शेजारी मला तेच मांडायचंय. आकडे वाचता येतायत ना रेघेखालून?"

"वाचता येतात," मी म्हणालो. "रद्द करायची पद्धतच तशी आहे."

ती हसली. "मला वाटलंच. दुसरं कुणी असतं तर फाडून टाकली असती पानं."

मी वही काढली. पानांना ओलसर वास येत होता, एका कोपऱ्याला तपकिरी डाग. एकशे बारा रेघा, एकशे बारा सह्या, सगळ्या जागच्या जागी. फोटो काढायच्या आधी लक्षात आलं की शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा आहे. त्या वेळी लिहिण्यासारखं काही वाटलं नव्हतं. कोरा रकाना पाठवणं बरं नव्हे. मी पेन उघडला, एक ते एकशे बारा असा कंस घातला आणि लिहिलं:

'जमीन पट्टीने आखलेली. आखणार: वडील. वाण्या सांगितल्याप्रमाणे चालल्या, त्यांचा दोष नाही.'

खाली आजची तारीख घालून सही केली.